मदत हवी आहे: चालत्या पीसीचं बायोस अपडेट करू की नको?

मंडळी, पीसी २०१९ चा. बी४५० मदरबोर्ड, रायझन ५ २६०० प्रोसेसर. तक्रार काहीच नाही, म्हणून आजवर बायोसला (पीसी सुरू करणारं, बोर्डावरच्या चिपमधलं सॉफ्टवेअर) हात लावला नाही. आता रायझन ५ ५६०० टाकायचाय, पण इतक्या जुन्या बायोसवर तो चालूच होणार नाही. म्हणजे जुना प्रोसेसर बोर्डावर असतानाच अपडेट उरकायला हवं.

भीती लाईटची. पावसाळ्यात आमच्याकडे ती न सांगता जाते, आणि फ्लॅशिंग, म्हणजे चिपवर नवं बायोस लिहिणं, अर्धवट राहिलं की बोर्ड गेलाच समजा. बोर्डाच्या मागे फ्लॅशबॅकचं (बिघडलेलं बायोस पेनड्राइव्हवरून पुन्हा टाकायचं) बटणही नाही. घरच्या इन्व्हर्टरवर पीसी रिस्टार्ट होतो, त्यामुळे तो बाद. शेजाऱ्यांचा यूपीएस मागून आणेन.

विचारायचं ते असं: कंपनीच्या यादीत मधल्या एका आवृत्तीपुढे ‘आधी ही टाका’ अशी सूचना आहे. ती वगळून कुणी थेट शेवटची टाकली आहे का? दुसरं, विंडोज ११ वर बिटलॉकर (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद ठेवणारी सोय) चालू आहे. अपडेटनंतर त्याने रिकव्हरी की (कुलूप उघडायचा लांबलचक आकडा) मागू नये म्हणून ते आधी तात्पुरतं थांबवतो; तेवढं पुरे, की शिवाय तो आकडा कागदावर लिहूनही ठेवू?

दुकानदार म्हणतो, ‘चालतंय ना, मग कशाला?’ पण तो नवे बोर्डही विकतो!