दोन लायनी घ्या, पण वाटा वेगळ्या हव्यात

दादा, ट्रेझरीचं (कंपनीचे पैसे नि पेमेंट सांभाळायचं) सॉफ्टवेअर मुंबईच्या सर्व्हरवर ठेवून रत्नागिरी-चिपळूणच्या पोरांना व्हीपीएनवरून (इंटरनेटवरच्या सुरक्षित खाजगी वाटेने) जोडू का विचारलंत, तर जोडा की, पण डेटाबेस लांबून थेट उघडू देऊ नका, रिमोट डेस्कटॉप द्या, म्हणजे काम सर्व्हरवरच होतं, नुसता स्क्रीन येतो-जातो, लाईन मध्येच तुटली तरी सेशन सर्व्हरवर चालू राहतं. दोन कंपन्यांचं फायबर घेतलं म्हणून निर्धास्त राहू नका, आपल्याकडे बऱ्याचदा दोन्ही हायवेच्या एकाच कडेने येतात आणि जेसीबी काय कंपनी बघून खणत नाही! दुसरी लाईन फोरजी घ्या. बँकेशी होस्ट-टू-होस्ट (आपला सर्व्हर थेट बँकेच्या सर्व्हरला पेमेंटची फाईल पाठवतो ती सोय) असेल तर बहुतेक बँका नोंदवलेल्या स्टॅटिक आयपीवरूनच (न बदलणाऱ्या इंटरनेट पत्त्यावरूनच) फाईल घेतात, मुंबईच्या दोन्ही लायनींचे आयपी आधीच देऊन ठेवा. आरटीजीएस (बँकेतून मोठी रक्कम लगेच पाठवायची सोय) डिसेंबर २०२० पासून चोवीस तास आहे, पण पावसात लाईट गेली की चेकरचा (पेमेंट तपासून मंजूर करणाऱ्याचा) राऊटर बंद, मग पेमेंट अडकतं, त्या राऊटरला यूपीएस लावाच.