चालू घटस्फोटाचा दावा परस्पर संमतीत बदलता येतो का?

कोरेगावची माहेरवाशीण
माझ्या पतींनी २०२२ मध्ये क्रूरतेच्या कारणावरून सातारा येथे घटस्फोटाचा दावा लावला. तेव्हापासून मी मुलीसह माहेरी आहे. माझा पोटगीचा अर्ज आणि सासरच्या छळाबद्दलचा ४९८-अ चा गुन्हा, दोन्ही प्रलंबित आहेत. आता वडीलधाऱ्यांच्या बैठकीत एकरकमी पोटगी ठरली असून, आधी मी गुन्हा मागे घ्यावा, पैशांचे नंतर पाहू, असा सासरचा आग्रह आहे. जुना दावा काढून नवा लावावा लागेल का, आणि पुन्हा सहा महिने थांबावे लागेल का?

सातारा कोर्टातील एक वकील
ताई, दोन्ही वाटा वापरात आहेत. चालू अर्जात दुरुस्ती करून तो हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब (परस्पर संमतीचा घटस्फोट) खाली आणता येतो, किंवा दोघांच्या सह्यांचा नवा अर्ज देऊन जुना काढून घेता येतो. एक वर्ष वेगळे राहण्याची अट आपल्या बाबतीत केव्हाच पूर्ण झाली आहे. संमतीच्या अर्जानंतर सहा महिने थांबण्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये अमरदीप सिंग विरुद्ध हरवीन कौर या निकालात सांगितले आहे की, दीड वर्षाचा वेगळेपणा आधीच झाला असेल, समेटाचे प्रयत्न फसले असतील आणि पोटगी, मुलांचा ताबा वगैरे सारे खरोखर मिटले असेल, तर ही मुदत न्यायालय माफ करू शकते. मात्र तसा अर्ज द्यावा लागतो.

राहिला गुन्हा. तो मागे घेणे आपल्या हातात नाही, कारण ४९८-अ तडजोडयोग्य, म्हणजे पक्षांना आपसात मिटवता येणारा, नसल्याने तो उच्च न्यायालयाकडूनच रद्द करून घ्यावा लागतो. ऑगस्ट २०२५ पासून साताऱ्याची अशी प्रकरणे उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर येथील सर्किट बेंचकडे (खंडपीठाकडे) जातात, त्यामुळे मुंबईची फेरी वाचते. तेथे आपले संमतीचे शपथपत्र लागेल, आणि नेमके तेच आधी देऊन टाकू नये.

सांगलीकर
बहिणीच्या प्रकरणावरून सांगते. रक्कम टप्प्यांत ठेवावी, पहिला हप्ता अर्ज दाखल करताना आणि शेवटचा डीडी निकालाच्या दिवशी न्यायाधीशांसमोर घ्यावा. मसुद्यात ‘सर्व दागिने मिळाले’ असे मोघम वाक्य होते. आम्ही ते खोडून पाटल्या, मोहनमाळ आणि मंगळसूत्र वजनासह लिहून घेतले, आणि ते हातात आल्यावरच सही केली. मुलीच्या पोटगीचा हक्क कायमचा सोडल्याचे कलम तर अजिबात मान्य करू नये. तो हक्क मुलीचा आहे, तिच्या आईला तो सोडता येत नाही.

कोरेगावची माहेरवाशीण
आभारी आहे. पहिला हप्ता दिल्यावर त्यांनी संमतीच काढून घेतली तर?

सातारा कोर्टातील एक वकील
निकाल होईपर्यंत दोघांपैकी कोणालाही ती मुभा आहे. १९९१ च्या सुरेष्टा देवी प्रकरणातच हे स्पष्ट झाले आहे. म्हणूनच पोटगीचा अर्ज काढून घेण्याची पुरसिस (कोर्टाला द्यायचे लेखी निवेदन) निकालाच्या दिवसापर्यंत देऊ नये. बोलणी फिसकटल्यास दिलेल्या रकमेचे काय, हेही तडजोडीच्या अटींत लिहून घ्यावे, नाहीतर त्यावरून नवा वाद उभा राहतो. बैठकीतला कागद साध्या वहीच्या पानावर असेल तर तो विसरा आणि मसुदा आपल्या वकिलांकडून करून घ्या. फी परवडत नसल्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा, स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता तेथे मोफत वकील मिळतो.