मदत हवी आहे: गणपतीला पुणे ते कुडाळ ईव्हीने, गावच्या घरी चार्जिंग कसं करावं?

नमस्कार मंडळी,

यंदा गणपतीला आईला घेऊन गाडीनेच गावी जायचं ठरवलंय. गाव कुडाळपासून बारा किलोमीटर आत. गाडी नेक्सॉन ईव्ही, बॅटरी 40.5 युनिटची. माणसं चार, वर सामान. आई 74 वर्षांची. गुडघ्यांमुळे तिला रेल्वेचा डबा चढवत नाही आणि घाटात डिझेलच्या वासाने मळमळतं. या गाडीत मात्र ती काच खाली करून निवांत बसते. दोन वर्षं तिने गावचा गणपती फोनवरच पाहिलाय, त्यामुळे हे जमवायचंच आहे.

रस्ता सातारा, कराड, कोल्हापूर, निपाणी, आजरा, आंबोली, सावंतवाडी असा, जवळपास 400 किलोमीटर. वेग 80-85 ठेवला की माझी गाडी युनिटला 7 किलोमीटर देते, म्हणजे भरल्या बॅटरीत 280. कराड आणि कोल्हापूर अशा दोन ठिकाणी फास्ट चार्जिंग करावं लागेल.

मागच्या दिवाळीत कराडच्या अलीकडे एका हॉटेलात थांबलो तेव्हा बॅटरी 14 टक्के होती. अ‍ॅपवर चार्जर चालू दिसत होता. गन लावली, स्क्रीनवर आकडे आले, दोन मिनिटांत बंद. तीनदा तेच. हॉटेलातला मुलगा म्हणाला, ‘दादा, कालपासून असंच करतंय.’ आई गाडीत एसी बंद करून बसली होती. तिने डबा उघडून दशमी माझ्या हातात दिली आणि काही विचारलं नाही. पुढचा चार्जर 6 टक्क्यांवर गाठला. तो अर्धा तास मी विसरलेलो नाही.

तरी रस्त्याची काळजी मला कमी आहे. खरी अडचण गावच्या घराची. तिथे काका-काकू राहतात. सिंगल फेज, वायरिंग जुनं, बिलावर मंजूर भार 1 किलोवॅट. गाडीसोबतचा पोर्टेबल चार्जर 15 अँपियरच्या सॉकेटवर सुमारे 3.3 किलोवॅट ओढतो. दहा तास मिळाले तर 33 युनिट, मला पुरे. पण मे महिन्यात लावला तेव्हा लाल दिवा लागला तो गेलाच नाही. आर्थिंग नसल्याची खूण. काकांनी कालच फोनवर विचारलं, ‘तुजी गाडी लावलंस तर फ्रीज बंद करूचो लागतलो काय?’ सणात घर माणसांनी भरलेलं असतं, माझ्यामुळे आरतीच्या वेळी अंधार व्हायला नको.

दुसरा प्रश्न परतीचा. आंबोली सुमारे 690 मीटरवर, सावंतवाडी बरीच खाली. जाताना घाट उतरायचा, येताना चढायचा. भरल्या गाडीला तेवढ्या चढाला 3 ते साडेतीन युनिट जास्तीची लागतील असा माझा हिशोब आहे, म्हणजे सपाटीवरचे 20-25 किलोमीटर. पाऊस, धुकं, वायपर, काचेवरचा ब्लोअर वेगळा. हा हिशोब बरोबर वाटतो का? आणि घरचं वायरिंग कोणत्या क्रमाने करून घ्यावं?

घाटवाट: चढाचा हिशोब योग्य आहे. उतरताना रीजेनवर (म्हणजे गाडीची मोटर उलट वीज बनवून बॅटरीत भरते त्यावर) त्यातलं बरंचसं परत मिळतं, फक्त घाटाच्या तोंडाशी बॅटरी काठोकाठ भरलेली नको, नाहीतर ती वीज ठेवायला जागा उरत नाही आणि ब्रेकवर ताण येतो. कराडबद्दल एवढंच सांगतो, चार्जरपाशी 40 टक्के शिल्लक ठेवून पोचा. एक बंद निघाला तरी पुढचा हातात असतो. सणाच्या आदल्या दिवशी रांगही असते, पहाटे चारला पुणं सोडा.

जांभादगड: मी सिंधुदुर्गातच वायरिंगची कामं करतो. आमच्या जांभ्याच्या जमिनीत मे महिन्यात आर्थिंग मिळणं कठीण, माती कोरडी असते. भाद्रपदात तोच खड्डा बरा चालतो. तरी भरवसा ठेवू नका. कोळसा-मीठ घालून नवीन खड्डा करून घ्या, पाइप घाला, वर पाणी ओतायला जागा ठेवा. मग वायरमनला मल्टिमीटर लावायला सांगा. फेज-न्यूट्रल आणि फेज-आर्थ हे दोन्ही आकडे जवळपास सारखे हवेत, न्यूट्रल-आर्थमध्ये दोन-चार व्होल्टच. मीटरपासून गाडीसाठी वेगळी तांब्याची वायर, वेगळा एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) आणि 30 मिलीअँपियरची आरसीसीबी (वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच). एक्स्टेन्शन बोर्ड अजिबात नको, रात्रभर तापून प्लग वितळलेले मी पाहिलेत. भारवाढीचा अर्ज आजच करा, हे शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. आणि चार्जिंग रात्री अकरानंतर लावा, तोवर पंप, मिक्सर, सगळं थांबलेलं असतं. व्होल्टेजही तेव्हा बरं मिळतं.

धागाकर्ता: दोघांचे मनापासून आभार. आज काकांशी बोललो, ते उद्या अर्ज घेऊन जातायत आणि खड्ड्यासाठी विहिरीजवळची ओलसर जागा दाखवतायत. मीटरपासून पडवीपर्यंत वायरची लांबी 22 मीटर भरतेय. एवढ्या अंतराला 4 चौरस मिलिमीटरची वायर पुरेल, की 6 ची घेऊ? पुण्यातून येताना सोबतच आणतो.