उपवासकाळ जवळचा वाटतो, पण पास्काची भीती वाटते. काय करावं?

मधलीओळ यांचा प्रश्न

सलाम सगळ्यांना. प्रश्न जरा लांबलाय, पण पूर्ण वाचून मगच लिहा ही विनंती.

माझा धाकटा भाऊ गेल्या वर्षी पुनरुत्थानाच्या सणानंतर, म्हणजे पास्कानंतर, लगेचच्या आठवड्यात गेला. आम्ही दोघं एकाच गायनवृंदात. तो मागच्या रांगेत खर्जात, मी पुढे. त्यानंतरचे कितीतरी महिने मी मिस्साला (देवळातल्या उपासनेला) जायचे ती केवळ सवयीने. यंदा राखेच्या बुधवारी, पास्काआधीचा उपवासकाळ सुरू होतो त्या दिवशी, फादरांनी कपाळाला राख लावली, 'तू माती आहेस आणि मातीला परत जाशील' हे शब्द कानावर पडले आणि फार दिवसांनी वाटलं की मी माझ्या जागी बसले आहे. वेदीवर फुलं नाहीत, वस्त्रं जांभळी, महिमास्तोत्र बंद, आलेलूयाचा स्तुतिघोष बंद. मी वर्षभर ज्या सुरात होते त्यात सगळी ख्रिस्तसभा आली. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

पण गायनवृंदात असल्यामुळे एक पंचाईत होते. देवळात आलेलूया बंद असतो, नेमका तेव्हाच आम्ही मागच्या खोलीत दार लावून पास्काच्या रात्रीचा आलेलूया बसवत असतो. परवा तालमीला वह्या वाटल्या आणि माझ्या हातात त्याची वही आली. पानभर पेन्सिलीच्या बारीक खुणा. शेवटच्या लांबलचक 'या'वर एक स्वल्पविराम, आणि शेजारी त्याच्या तिरक्या अक्षरात 'इथे श्वास चोर'. बाकीचे गात होते. मी वही मिटून नुसती उभी राहिले.

नाताळही असाच गेला. गोठ्याजवळ उभी असताना एक बाई चांगल्या मनाने म्हणाल्या, "सणाला डोळ्यांत पाणी नको, विश्वास कमी पडतो असं होतं." त्यांचा राग नाही. पण तेव्हापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही. ख्रिस्तसभेच्या वर्षात दुःखाला फक्त चाळीस दिवस दिलेत का? त्यानंतर आनंद सक्तीचा? वर्ष पुढे गेलं आणि माणूस मागेच राहिला, तर त्याने त्या रात्री देवळात कोणत्या तोंडाने उभं राहायचं?

उघडंपुस्तक

ताई, तुमच्या भावाबद्दल वाचून वाईट वाटलं.

मी ज्या मंडळीत वाढलो तिथे आगमनकाळ (नाताळआधीचे आठवडे), उपवासकाळ असं काहीच पाळत नाहीत. म्हणून माझं उत्तर वेगळं असणार. प्रेषित पौलाने गलतीकरांना लिहिलंय की तुम्ही दिवस, महिने, ऋतू, वर्षं पाळता, तुमच्याबद्दल मला भीती वाटते. तुमची अडचण वाचताना मला तेच आठवलं. वस्त्रांचा रंग बदलला की मनही बदललं पाहिजे, असा दबाव माणसावर का यावा? आमच्याकडे प्रत्येक रविवार पुनरुत्थानाचाच. ज्याला रडायचंय तो त्याही रविवारी रडतो. त्या रात्री गावंसं वाटत नसेल तर घरी राहा. प्रभू तिथेही आहे. तुमच्या विश्वासाचं मोजमाप गायनवृंदातल्या हजेरीवरून होत नाही.

वेदीसेविका

मी आमच्या देवळात वेदीची कापडं, मेणबत्त्या, राख हे सगळं बघते, त्यामुळे वर्षाचे सगळे काळ माझ्या हातांखालून जातात. उघडंपुस्तक दादांच्या शेवटच्या वाक्याशी मी शंभर टक्के सहमत आहे. पण त्याच पौलाने रोमकरांना चौदाव्या अध्यायात लिहिलंय की एक जण एक दिवस दुसऱ्यापेक्षा श्रेष्ठ मानतो, दुसरा सगळे दिवस सारखे मानतो, प्रत्येकाने आपापल्या मनाची खात्री करून घ्यावी. दादा, तुम्ही न पाळून प्रभूचे, आम्ही पाळून प्रभूचे. तेव्हा 'घरी राहा' यावर मला थोडं बोलायचंय.

ताई, दुःखाला चाळीसच दिवस दिलेले नाहीत. कपाट उघडून सांगते.

नाताळला मी पांढरं काढते. दुसऱ्याच दिवशी, २६ डिसेंबरला, ते बाजूला ठेवून लाल काढावं लागतं, कारण तो दगडमार करून मारलेल्या संत स्तेफनाचा दिवस. २८ तारखेला पुन्हा लाल, हेरोदाने मारलेल्या बेथलेहेमच्या बाळांसाठी. गोठा तिथेच असतो, त्यावरचे दिवे चालू असतात, आणि शुभवर्तमानात जुन्या करारातली आई राहेल आपल्या मुलांसाठी रडत असते, तिला सांत्वन नको असतं. सणाच्या चौथ्या दिवशी! तुम्हाला गोठ्याजवळ कुणी काही म्हटलं असेल, पण ख्रिस्तसभेने राहेलला इतक्या शतकांत गप्प बसवलेलं नाही. पुढे २ फेब्रुवारीला, नाताळनंतरच्या चाळिसाव्या दिवशी, मंदिरात शिमोन बाळ येशूला हातांत घेऊन देवाची स्तुती करतो आणि लगेच त्या आईला सांगतो की तुझ्या जिवातून तलवार जाईल. दोन्ही एकाच वाचनात. ऑगस्ट-सप्टेंबरचं हिरवं मी सोडून देते, त्यावर बोलायला लागले तर आजचा दिवस पुरणार नाही. एवढंच सांगते की नोव्हेंबर येतो तेव्हा मृतांची नावं पुन्हा वेदीजवळ येतात, आणि ख्रिस्तसभेचं वर्ष संपतं ते त्या महिन्याच्या आसपासच.

आता पास्का. तुम्हाला भीती त्या रात्रीची आहे, तर त्या रात्रीकडे जवळून बघू.

गुरुवारी रात्री मिस्सा झाला की वेदीवरचं कापड निघतं. मीच काढते, आणि खालचा उघडा दगड दरवर्षी मला अनोळखी वाटतो. शुक्रवारी मिस्सा नसतो. शनिवारी दिवसभर काहीच नाही. पवित्र भाकर ठेवायची साक्रामेंताची पेटी रिकामी, तिचं दार उघडं. या शनिवाराला लोक तयारीचा दिवस समजतात आणि धावपळ करतात. मला तर तो वर्षातला सर्वांत प्रामाणिक दिवस वाटतो. येशू कबरीत आहे आणि ख्रिस्तसभा काही बोलत नाही, समजूतही घालत नाही.

मग रात्र. देऊळ अंधारात. बाहेर नवा अग्नी पेटतो आणि पास्काच्या मेणबत्तीवर फादर क्रूस कोरतात, वर आल्फा, खाली ओमेगा (ग्रीकमधलं पहिलं आणि शेवटचं अक्षर), आणि क्रूसाच्या चार कोपऱ्यांत चालू वर्षाचे चार आकडे. पाच जखमांसाठी धुपाचे पाच दाणे मेणात बसतात. ताई, आधीच सांगून ठेवते, यंदाचे ते आकडे बघताना तुम्हाला त्रास होईल. भावाने न पाहिलेलं वर्ष आहे ते. पण ते कोरताना फादर जे म्हणतात तिकडे कान द्या. ख्रिस्त काल आणि आज, आरंभ आणि शेवट, सगळा काळ त्याचा. गेल्या वर्षीचा तो आठवडाही त्याचाच.

लगेच कुणी आलेलूया म्हणत नाही. अंधारातच जुन्या करारातली वाचनं सुरू होतात. पूर्ण घेतली तर सात. 'देवाने आकाश व पृथ्वी निर्माण केली' इथून ती निघतात. इसहाकाला घेऊन अब्राहाम डोंगर चढतो, मागे फारोचं सैन्य आणि पुढे समुद्र असे लोक अडकतात. बाकीची वाचनं कमी केली तरी समुद्राचं वाचन गाळायचं नाही असा नियमच आहे. या सगळ्यानंतर महिमास्तोत्र, मग पौलाचं पत्र, आणि त्याच्याही नंतर आलेलूया. फादर तो तीनदा म्हणतात, दर वेळी सूर थोडा वर नेत. तुमच्यासारखीला एका उडीत वर चढता येत नाही, हे ती रात्र रचणाऱ्यांना ठाऊक होतं असं मला दरवर्षी वाटतं.

आणि त्यानंतरचा आठवडा, ज्यात तुमचा भाऊ गेला. त्या मंगळवारचं शुभवर्तमान माहीत आहे? मरिया माग्दालेना कबरीबाहेर रडत उभी आहे. "बाई, का रडतेस?" देवदूत विचारतात, मग येशू विचारतो. पुनरुत्थान झालेलं आहे, तो तिच्यासमोर उभा आहे, तरी ती रडतेच आहे, आणि तो तिला रागवत नाही. तिचं नाव घेतो. बुधवारी अम्माऊसच्या वाटेवरचे दोघं शिष्य. "आम्हाला आशा होती," म्हणतात, म्हणजे आता उरलेली नाही. येशू त्यांना आधी बोलू देतो. पुढच्या रविवारी, पाहिल्याशिवाय विश्वास न ठेवणारा शिष्य थोमा. वाचनक्रम तीन वर्षांचा फिरता असतो, पण तिन्ही वर्षी न चुकता थोमाच. बाकीच्यांचा आनंद आठ दिवसांचा झालाय आणि हा अजून तिथे पोचलेला नाही. त्याला कुणी बाहेर काढलं नाही, एवढं लक्षात घ्या. तो त्यांच्यातच होता, म्हणून त्याला भेट घडली. म्हणून मी तुम्हाला घरी राहा म्हणणार नाही.

एक विचारू? अंत्यविधीला भावाच्या शवपेटीजवळ कोणती मेणबत्ती होती, आठवतं का? पेंटेकॉस्टनंतर, म्हणजे पास्काकाळ संपला की, पास्काची मेणबत्ती वेदीजवळून हलते आणि बाप्तिस्म्याच्या कुंडाजवळ जाते. वर्षभर ती दोनच प्रसंगी पेटवतात, बाप्तिस्म्याला आणि शवपेटीशेजारी. जांभळ्या उपवासकाळात कुणी गेलं तरीही मी तीच पेटवते. तुमचा भाऊ त्या आठवड्यात गेला म्हणजे ती नुकतीच पेटलेली, जवळजवळ पूर्ण उंचीची असणार. तुम्ही पास्काला दुःखाच्या पलीकडच्या काठावर ठेवताय. ख्रिस्तसभेने तो केव्हाच तुमच्या भावाच्या उशाशी आणून ठेवला होता.

गायचं की नाही ते तुम्ही ठरवा. पास्काकाळ पन्नास दिवसांचा आहे, उपवासकाळापेक्षा लांब. पहिल्याच रात्री सगळं साधलं पाहिजे असं कुठे लिहिलंय?

पूर्वेकडचावाचक

मी ऑर्थोडॉक्स परंपरेतला. आमची पास्काची तारीख बहुतेक वर्षी तुमच्यापेक्षा वेगळी येते, कारण ती अजून जुन्या जुलियन पंचांगावरून काढतात. २०२५ मध्ये दोन्ही २० एप्रिलला आल्या होत्या.

ताईंनी भाऊ कोणत्या आठवड्यात गेला ते लिहिलं म्हणून सांगावंसं वाटलं. आमच्याकडे त्या आठवड्यात कुणी गेलं तर अंत्यविधी नेहमीसारखा होत नाही. शोकगीतं बहुतेक सगळी बाजूला ठेवतात आणि पास्काचीच गीतं गातात. ख्रिस्त मेलेल्यांतून उठला आहे, मरणाने मरण तुडवून, हे पुन्हा पुन्हा. घरच्यांचे डोळे भरलेले असतात आणि गाणं हे असतं. त्या आठवडाभर वेदीपुढची मधली दारं उघडीच ठेवतात, दिवसरात्र.

गुडघे टेकणं थांबतं तेही सांगतो. ३२५ सालच्या निकिया परिषदेचा विसावा नियम आहे की रविवारी आणि पास्कानंतरच्या पन्नास दिवसांत उभं राहून प्रार्थना करावी. उभं राहायला सांगितलंय, हसायला सांगितलेलं नाही. पेंटेकॉस्टच्या संध्याकाळी आम्ही पुन्हा गुडघे टेकतो, आणि तेव्हाच्या तीन मोठ्या प्रार्थनांतली शेवटची मेलेल्यांसाठी असते. म्हणजे त्या आनंदाच्या काळाच्या टोकाला, सणाच्या दिवशीच, आम्ही आपल्या माणसांची आठवण करतो. ताई, मला त्या प्रार्थनेचा फार आधार वाटतो.

मधलीओळ

तुम्हा तिघांचे आभार. उघडंपुस्तक दादा, 'रविवारी रडणारा रडतो' हे वाचून मोकळं वाटलं, मनापासून सांगते.

वेदीसेविका मावशी (मावशी म्हटलं तर चालेल ना?), मेणबत्ती होती. माझ्या डाव्या हाताला, पितळी उंच समईसारख्या स्टँडवर. तेव्हा ती जवळ असल्याने गालाला ऊब लागत होती, एवढंच आठवतंय. ती पास्काची होती हे तुम्ही लिहीपर्यंत माझ्या मनातही आलं नव्हतं. थोमा आठ दिवस त्यांच्यातच होता, हे मी आज दोन-तीनदा वाचलं.

आज गायनवृंदाच्या सरांशी बोलले. मी विचारलं, गाण्याऐवजी समुद्राचं वाचन केलं तर चालेल का? ते लगेच हो म्हणाले. वाचन संपलं की त्याच्या मागोमाग गीत असतं, तेवढ्यात मी जागेवर येऊ शकते असंही म्हणाले. आलेलूयाचं त्यांनी काही विचारलं नाही. वही मात्र मी मागून घेतली. आता एकच अडचण आहे. वाचन अंधारात करायचं तर पानावर उजेड कशाचा घेतात? हातात मेणबत्ती धरून वाचता येईल का?

वेदीसेविका

मावशी म्हणा, आवडेल.

हातात मेणबत्ती धरून वाचायला जाऊ नका. पान उलटताना मेण सांडतं आणि लक्ष सगळं ज्योतीकडे जातं. वाचनपीठाला छोटा दिवा असतो, तेवढाच लावायला आधी सांगून ठेवा. नसेल तर कुणाला तरी शेजारी मेणबत्ती घेऊन उभं करा, उंचीने तुमच्याएवढंच माणूस बघा म्हणजे सावली पानावर पडत नाही. आणि समुद्राचं ते वाचन, निर्गमाच्या चौदाव्या अध्यायातलं, पंधराव्या वचनापासूनचं, मोठं आहे, घरी मोठ्याने वाचून बघा. समुद्राचं पाणी दुभंगतं तिथे घाई करू नका, आणि 'परमेश्वर त्यांच्या बाजूने लढत आहे' याच्या आधी थोडं थांबा. श्वासाच्या खुणा पेन्सिलीने करून ठेवा.