अर्ध्या कॅरेटचा गुलाबी हिरा ६२,००० ला, घ्यावा का?

अनुजा_ठाणे: ताईच्या साखरपुड्याची अंगठी बघतोय. एका दुकानात अर्ध्या कॅरेटचा गुलाबी हिरा दाखवला, राउंड ब्रिलियंट म्हणजे गोल कटाचा, ६२,००० रुपये. ताई तिथंच विरघळली. बाबा म्हणतात, ती नुसती रंगीत काच. खरं कोणाचं?

खान्देशी_कारागीर: काच नसेल, पण खाणीतलाही नाही. त्या भावात नैसर्गिक गुलाबी मिळत असता तर मी सुरतेत अठरा वर्षं हिरे घासायच्या घंटीवर बसलो नसतो! जगातले बहुतेक गुलाबी हिरे ऑस्ट्रेलियातल्या एकट्या अर्गाइल खाणीतून यायचे. ती २०२० मध्ये बंद झाली. तिथला बारीक तपकिरी माल सुरतेत खूप यायचा, गुलाबी मात्र मी दोनदाच हातात धरला. दुसरा २२ सेंटचा, म्हणजे ०.२२ कॅरेटचा होता. शेठ शेजारी खुर्ची टाकून बसलेला, पंखा बंद. भिंगातून पाहिलं तर रंग सगळीकडे सारखा नव्हता, बारीक रेघांमध्ये साचलेला. पिवळ्याला नायट्रोजन रंग देतो, निळ्याला बोरॉन. गुलाबी होतो तो जमिनीखालच्या दाबानं आतली अणूंची जाळी मुरगळल्यामुळे.

शेठचं एकच सांगणं होतं, गोल करू नका. गोल कटाचे ५७ पैलू पांढऱ्या हिऱ्याला झकास, पण फिका गुलाबी त्यात धुऊन निघतो, शिवाय वजनही जास्त जातं. कुशन (गोलसर कोपऱ्यांचा चौकोनी) किंवा रेडियंट (छाटलेल्या कोपऱ्यांचा चौकोनी) कटात उजेड आत घुटमळतो, रंग गडद दिसतो. म्हणून स्वस्तातला गुलाबी गोल दिसला की मी आधी प्रयोगशाळेचा रिपोर्ट मागतो.

गोदाकाठ: मग तो प्रसिद्ध दर्या-इ-नूर हिरा? तोही फिका गुलाबीच की.

खान्देशी_कारागीर: तो गोवळकोंड्याचा, आता तेहरानला. चपटा टेबल कट, गोल ब्रिलियंटच्या कितीतरी आधीचा. एवढा मोठा खडा असल्यावर कट कसाही चालतो हो! अनुजाताई, रिपोर्टवर रंग कशामुळे आलाय ते लिहिलेलं असतं, तेवढं वाचा.

अनुजा_ठाणे: आज विचारलं. सेल्समन आधी म्हणाला, 'मॅडम, खरा हिराच आहे.' दुसऱ्यांदा मागितल्यावर ड्रॉवरमधून रिपोर्ट निघाला. लॅब-ग्रोन, म्हणजे प्रयोगशाळेत बनवलेला, रंग प्रक्रियेने आणलेला. बाबांना काच नाही म्हणून सांगितलं, तरी ते जिंकल्यासारखे हसतायत. ताईला अजूनही गुलाबीच हवाय, फक्त आता कुशन म्हणते. कुशनला चार नखांचं कोंदण पुरेल का?

खान्देशी_कारागीर: पुरेल, नखं चारही कोपऱ्यांवर घ्यायला सांगा. आणि भाव पाडून मागा.