बॉबकॅट हाकेला येत नाही, की आलेला मला दिसत नाही?

प्रश्न: सागुआरोतला_सातारकर

नमस्कार. मी नोकरीनिमित्त ॲरिझोनातील चँडलर येथे राहतो आणि गेले दोन हिवाळे रीतसर परवाना काढून फीनिक्सच्या पूर्वेकडील सार्वजनिक जमिनीवर भक्षक प्राण्यांच्या शिकारीला जात आहे. जखमी सशाच्या आवाजाची शिट्टी वाजवली की कायोटी (कोल्ह्या-लांडग्यांच्या कुळातला येथला प्राणी) दहा-बारा मिनिटांत धावत येतात. बॉबकॅट, म्हणजे येथला आखूड शेपटीचा रानबोका, मात्र एकदाही दिसलेला नाही, आणि तो त्या भागात आहे याविषयी मला शंका नाही, कारण पाऊस पडून गेल्यावर कोरड्या ओढ्याच्या वाळूत त्याचे ठसे मी स्वतः पाहिले आहेत. मी साधारण वीस मिनिटे बसतो आणि काही न आल्यास पुढची टेकडी गाठतो. एका सकाळी अशा पाच-सहा बैठका होतात. माझे चुकते कुठे: आवाजात, जागेत की वेळेत? ओढ्यात ट्रेल कॅमेरा (जनावर समोरून गेले की आपोआप फोटो काढणारा) लावण्याचाही विचार आहे.

उत्तर १: ओढ्याकाठचा

कॅमेऱ्याचा विचार आधी सोडून द्यावा. शिकारीसाठी किंवा शिकारीचे जनावर हेरण्यासाठी ट्रेल कॅमेरा वापरण्यास ॲरिझोनात १ जानेवारी २०२२ पासून बंदी आहे. त्यामुळे येथे डोळे आणि पाय हीच साधने उरतात, आणि माझ्या मते ते बरेच झाले.

आपण ठसे पाहिलेत, पण ते ओढ्याच्या मधोमध होते की काठाकाठाने, हे पाहिलेत का? कायोटी मोकळ्यावरून सरळ जातो, तर बॉबकॅट झुडपांच्या कडेने, खडकांच्या पायथ्याने, अंग झाकत जातो. त्याचा ठसा गोलसर, सुमारे पाच सेंटिमीटरचा असतो. नखे आत ओढलेली असल्यामुळे ती सहसा उमटत नाहीत, आणि टाचेच्या गादीची मागची कड तीन उंचवट्यांची दिसते. कायोटीचा ठसा लांबट असतो व पुढे नखांचे टिंब दिसते. ठशापेक्षाही मी उकरलेल्या मातीला अधिक महत्त्व देतो. मागच्या पायांनी उकरून केलेली लहानशी ढिगुळी, तिच्यावर मूत्राचा उग्र दर्प आणि आसपास तुटक तुकड्यांची विष्ठा एकाच ठिकाणी वारंवार आढळली, तर ती त्याची नेहमीची वाट समजावी. त्यातही जवळ गुरांसाठी बांधलेले तळे असेल आणि मेस्किटच्या काटेरी झुडपांच्या जाळीत ससे व लावे असतील, तर टेकड्या बदलत हिंडण्यापेक्षा त्या एकाच जागी पुन्हा पुन्हा बसणे मला शहाणपणाचे वाटते.

उत्तर २: दबा_धरून

माझ्या मते चूक वेळेत आहे. वीस मिनिटे हे कायोटीचे गणित झाले. बॉबकॅट आवाज ऐकून धावत सुटत नाही. तो दबा धरत, दर झुडपाआड थांबत, कधी तर सरळ बसून पाहत येतो. किमान पाऊण तास, आणि ताजे ठसे असतील तर पूर्ण तासभर बसावे. (आपल्याकडच्या शिकारकथांमध्ये हाकारे जनावर उठवून बंदुकीपुढे आणतात, येथे त्याच्या भुकेला हाक घालायची असते आणि आपण दगडासारखे स्वस्थ बसायचे असते. हा फरक अंगवळणी पडायला मला तीन वर्षे लागली.)

आवाजाविषयी एवढेच सांगेन की कायोटीसाठी मध्ये मोठे विराम चालतात, बॉबकॅटसाठी नाहीत. आवाज थांबला की त्याचे लक्ष उडते, म्हणून इलेक्ट्रॉनिक कॉलर (असे आवाज वाजवणारे यंत्र) असल्यास तो हळू आवाजात सतत चालू ठेवावा; सशाबरोबर संकटात सापडलेल्या पक्ष्याचा किंवा उंदराचा बारीक आवाजही चांगला उपयोगी पडतो. बॉबकॅट नाकापेक्षा डोळ्यांवर अधिक विसंबतो, म्हणून कॉलर आपल्यापासून वीस-पंचवीस पावलांवर ठेवून त्याशेजारी काठीला दोऱ्याने एखादे पीस टांगावे. वाऱ्याने ते हलले की त्याची नजर तिथे खिळते आणि आपल्या हाताची हालचाल खपून जाते. पाठीशी झुडूप व सूर्य असावा.

आणखी एक सवय लावून घ्यावी: बैठक संपल्यावर लगेच गाडीकडे न जाता आपल्या जागेभोवती शंभरेक पावलांची एक फेरी मारावी.

उत्तर ३: कागदपत्रे_आधी

विषय थोडा वेगळा, पण येथे अनेक जण एच-१बी व्हिसावर आहेत म्हणून लिहितो. अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार अशा तात्पुरत्या व्हिसावर प्रवेश मिळालेल्या व्यक्तीला बंदूक जवळ बाळगता येत नाही. त्याला असलेला एक अपवाद म्हणजे अमेरिकेतील एखाद्या राज्याचा वैध शिकार परवाना. त्यामुळे परवान्याची मुदत संपली आणि बंदूक घरात राहिली, तर प्रकरण केवळ शिकारखात्याच्या दंडावर थांबत नाही. ग्रीन कार्डधारकांना हे बंधन लागू नाही. कातडे देशाबाहेर नेण्याचा विचार कोणी करत असेल, तर बॉबकॅट १९७७ पासून साइट्स या वन्यजीवांच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात असल्याने टॅग व निर्यात परवान्यावाचून ते शक्य नाही. कॅलिफोर्नियातील मित्रांनी तर आपल्या राज्याचे नियम स्वतंत्रपणे वाचावेत. तेथे २०२० पासून बॉबकॅटच्या शिकारीवर बंदी आली.

सागुआरोतला_सातारकर

सर्वांचे आभार. परवान्याची तारीख आजच पाहिली. ती डिसेंबरअखेर संपते.

रविवारी जुन्याच ओढ्यात गेलो. काठाला उकरलेली माती दोन ठिकाणी सापडली, म्हणून तेथेच पन्नास मिनिटे बसलो. काहीही दिसले नाही. उठल्यावर सांगितल्याप्रमाणे फेरी मारली. माझ्या पाठीमागे, साधारण चाळीस पावलांवर, पहाटे येताना वाळूत उमटलेला माझ्याच बुटाचा ठसा होता आणि त्याच्या टाचेवर एक गोल, बिननखांचा ठसा नेमका बसलेला होता. क्वार्टरची (पाव डॉलरची) दोन नाणी शेजारी ठेवून पाहिली. त्यांच्या रुंदीएवढाच तो भरला. तेथून माग एका पालो व्हर्दे झाडाखाली गेला होता, आणि तेथे वाळू बसक्या अंगाने दबलेली होती. माझी पाठ तेथून स्वच्छ दिसत होती.

पुढच्या रविवारी मी त्या पालो व्हर्देकडे तोंड करून बसणार आहे.