विषय: सोळाव्या भागात हात सोडणाऱ्या मालिका

प्रेषक: ताई, न्यू जर्सी

मंडळी, नमस्कार.

आपल्या गटाची 'ट्वेंटी-फाइव्ह ट्वेंटी-वन' ही कोरियन मालिका संपली आणि तेव्हापासून माझा फोन थांबलेला नाही. ना ही-डो आणि बेक ई-जिन यांचं लग्न होत नाही, हे कुणालाच सोसलेलं दिसत नाही. दोन घरांनी तर स्पष्ट सांगितलंय की पुढची मालिका ठरवताना शेवट आधी विचारून घ्या, रडवणारी असेल तर आम्हाला धरू नका. आठवडाभर राबून शनिवारी रात्री माणसं बसतात, त्यांचं म्हणणं मला पटतं. तेव्हा यापुढे फक्त गोड शेवटाच्या मालिका घ्याव्यात असा नियम करावा म्हणते. इंदूरच्या मंडळींनीही मत कळवावं. तुमची रविवार सकाळची पोह्यांची वेळ आपण यात घेतो, त्यामुळे तुमचा शब्द महत्त्वाचा.

ताई

---

प्रेषक: माई, इंदूर

ताई, तुला आणि सगळ्यांना अनेक आशीर्वाद.

या नियमाला माझा विरोध आहे. सविस्तर लिहिते, सवड काढून वाचा.

'ट्वेंटी-फाइव्ह ट्वेंटी-वन'ने आपल्याला फसवलेलं नाही. पहिला भाग आठवा. ही-डोची मुलगी रुसून आजीकडे येते, तिच्या हाती आईची जुनी डायरी लागते आणि गोष्ट सुरू होते. त्या मुलीचं आडनाव किम आहे, बेक नाही. कोरियात मूल सहसा बापाचं आडनाव लावतं. म्हणजे पहिल्या तासातच सांगून झालं होतं की हा मुलगा या मुलीच्या आयुष्यात राहणार नाही. आशा आपण धरली, आणि धरावीशी वाटली यातच मालिकेचं यश आहे. शिवाय ती दोघं दूर का होतात हेही हवेतून आणलेलं नाही. १९९७ च्या अखेरीस कोरियाला नाणेनिधीपुढे हात पसरावा लागला, त्यात ई-जिनच्या बापाचा धंदा बुडाला आणि ही-डोच्या शाळेतला तलवारबाजीचा संघ बंद पडला. ज्या पडझडीने दोघांना एकमेकांसमोर आणलं, तिच्यातून वर येण्यासाठी त्याने बातमीदारी धरली. २००१ च्या सप्टेंबरात न्यूयॉर्कचे मनोरे पडले, तो तिकडे गेला आणि त्या कामात बुडाला. प्रत्येक पायरी आपल्या डोळ्यांसमोर घातलेली आहे. मला रडू आलं, पण राग आला नाही.

राग कुठे आला ते सांगते. 'रिबॉर्न रिच', २०२२. ज्यांनी पाहिली नसेल त्यांनी हा परिच्छेद सोडून द्या. सूनयांग नावाच्या उद्योगसमूहात मालकाच्या घरची धुणीभांडी सोडून सगळं करणारा एक इमानी नोकर मारला जातो आणि त्याच घरातला धाकटा नातू होऊन जन्माला येतो. पुढची पस्तीस वर्षं काय होणार ते त्याला ठाऊक. घर पोखरून काढत समूह ताब्यात घ्यायचा, हा त्याचा निश्चय. आजोबाचं काम करणारे ली सुंग-मिन यांच्यासाठी तर मी जेवणाची वेळ टाळून बसत होते. ते म्हातारे अध्यक्ष हळूहळू विस्मरणाकडे जातात, आणि ज्याला संपवायचं त्याच माणसावर नातवाचा जीव जडतो. केवढं मोठं नाट्य! आणि सोळाव्या भागात कळतं की आपला नोकर मेलाच नव्हता, आठवडाभर बेशुद्ध पडून होता. मग नातू म्हणून त्याने केलेलं, गमावलेलं, त्या आजोबाशी जुळलेलं, सगळं गेलं कुठे? ज्या वेब-कादंबरीवरून मालिका घेतली, तिच्यात तो समूह मिळवतो. कोरियातले प्रेक्षकही खवळले, आणि गंमत नव्हे, खरंच सांगते, त्याच शेवटच्या भागाला मालिकेतला सर्वांत जास्त, जवळजवळ २७ टक्के प्रेक्षक होता. इतकी माणसं डोळे लावून बसलेली असताना त्यांच्यासमोर हे करायचं!

हे पहिल्यांदा झालेलं नाही. २००४ मध्ये 'लव्हर्स इन पॅरिस'ने अख्खा कोरिया वेडा केला होता आणि शेवटी हे सगळं नायिकेने लिहिलेलं कथानक निघालं. अठरा वर्षांनी तीच खोड.

पूर्वी याला एक कारण होतं. आठवड्याला दोन भाग, प्रत्येक भाग तासाहून मोठा, आणि चित्रीकरण प्रसारणाच्या जेमतेम पुढे. संवादांची पानं सेटवर त्या त्या दिवशी यायची. अशा धावपळीत तेराव्या-चौदाव्या भागानंतर लिहिणारा थकला तर मी समजू शकते. २०१६ मध्ये 'डिसेंडंट्स ऑफ द सन' पूर्ण चित्रित करून मगच दाखवली, कारण ती चीनमध्ये त्याच वेळी दाखवायची होती आणि तिथे परवानगीसाठी सगळे भाग आधी द्यावे लागतात. त्यानंतर ती पद्धत वाढली. 'रिबॉर्न रिच'चं चित्रीकरण तर २०२१ मध्येच सुरू झालं होतं. घाई झाली म्हणायची सोय उरलेली नाही.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच, की मालिका पहिल्या दोन भागांत आपल्याला एक शब्द देते. हे असं जग आहे, यात अशी माणसं आहेत, यांचा हिशोब असा होणार. तो शब्द पाळून ती मला रडवणार असेल तर खुशाल रडवू दे. आपण इंदूरची माणसं सानंद संस्थेच्या नाटकांना वर्षानुवर्षं जाणारी. तिसऱ्या अंकात नायक मेला म्हणून कुणी पैसे परत मागितलेले मी पाहिले नाहीत. पण पहिल्या दोन अंकांशी तिसऱ्याचा मेळ बसला नाही की मध्यंतरात चहा पिताना गप्प असलेली माणसंसुद्धा बाहेर पडताना बोलत असत.

माई

---

प्रेषक: बंडू, मेलबर्न

माई, शिरसाष्टांग नमस्कार.

शब्दाचं म्हणणं पटलं, म्हणून विचारतो, मग 'रिप्लाय १९८८'चं काय? तिथे तर आम्हाला उघड फसवलं. नायिका डोक-सनचा नवरा कोण, हे कोडं विसाव्या भागापर्यंत चालतं. इतके भाग कॅमेरा तिच्या गल्लीतल्या जंग-ह्वानच्या मनात बसलेला. बसमध्ये तिला धक्का लागू नये म्हणून हात टेकवून उभा राहणारा तो, तिच्या वाटेकडे खिडकीतून बघणारा तो. आणि लग्न दुसऱ्याच मित्राशी, टेकशी! मी आणि माझा रूममेट तेव्हा दोन दिवस एकमेकांशी दुसऱ्या विषयावर बोललोच नव्हतो. दहा वर्षं होत आली, अजून सलतं.

दुसरं दुखणं सीझनचं. कोरियन मालिका आम्ही धरली ती एकदा सुरू झाली की सोळा-वीस भागांत संपते म्हणून. 'स्क्विड गेम'चे २०२१ मध्ये नऊ भाग आले, गोष्ट पुरी होती. मग डिसेंबर २०२४ मध्ये सात भाग, आणि ऐन बंडाच्या मध्यात पडदा. उरलेले सहा जून २०२५ मध्ये. ही एकच गोष्ट मधोमध कापून विकली. हा कुठला न्याय?

नियमाबद्दल मत: नको.

बंडू

---

प्रेषक: वहिनी, दुबई

सगळ्यांना नमस्कार. इंदूरच्या सुदामानगरातून दुबईला आल्यापासून मी कोरियन कमी आणि पाकिस्तानी मालिका जास्त बघते, त्यामुळे माझा अनुभव वेगळा आहे, पण तो ताईंच्या नियमाच्या आड येतो.

'जिंदगी गुलजार है' आपल्याकडे २०१४ च्या जूनमध्ये, झिंदगी वाहिनी सुरू झाली तेव्हा आली. २६ भाग. आपल्या हिंदी मालिका हजारांवर जायच्या त्या दिवसांत, दर भागात काहीतरी घडतंय हेच केवढं सुख होतं! कशफ आठवते ना? तीन मुलीच झाल्या म्हणून बापाने दुसरं लग्न केलेलं, आई शाळेत शिकवून घर चालवते, आणि कशफ देवाशी भांडत भांडत अधिकारी होते. अशी चिडकी, हिशोबी, स्वाभिमानी नायिका मी तोवर पाहिली नव्हती. तिच्या आईची साधी सुती ओढणी, घरातलं एकच दिवाणखान्यासारखं खोलीवजा जग, सगळं ओळखीचं.

शेवट गोड आहे. कशफ आणि तिचा नवरा जारून एकत्र आहेत, मुली आहेत. आणि तरी मी निराश झाले. कारण कशफच्या आसपासच्या बायकांना मालिका काय देते ते बघा. जारूनची बहीण सारा स्वतःच्या मताने जगते, तिचा संसार मोडतो आणि दोष तिच्या वागण्याला. अस्मारा मैत्रिणी-मित्रांत मोकळी वावरते, म्हणून जारूनला ती बायको म्हणून नको. त्याची आई नोकरीत मोठी, तर ती घराकडे लक्ष न देणारी. ज्या मालिकेने एका बाईच्या कमाईवर उभं राहिलेलं घर इतक्या मानाने दाखवलं, तिनेच बाकीच्या कमावत्या बायकांना नापास केलं. कशफसुद्धा लग्नानंतर पुन्हा पुन्हा जुळवून घेते. पहिल्या भागातली कशफ हे चालवून घेईल का?

म्हणून म्हणते, गोड शेवटाची हमी घेऊन काही उपयोग नाही. २०१६ मध्ये उरीचा हल्ला झाल्यावर वाहिनीने पाकिस्तानी मालिका थांबवल्या. तेव्हा वाटलेलं दुःख आणि मालिकेबद्दलची ही तक्रार, दोन्ही माझ्या मनात एकत्र आहेत.

वहिनी

---

प्रेषक: माई, इंदूर

वहिनी, तू जे लिहिलंस ते मला सुचलं नव्हतं आणि ते माझ्यापेक्षा पुढचं आहे. मालिका नायिकेला दिलेला शब्द पाळते आणि बाकीच्यांना मोडते, तेव्हाही तिने शब्द मोडलाच. सारावर मी यापूर्वी दोन मिनिटंही विचार केला नव्हता. पुन्हा बघेन.

बंडू, तुझ्याशी मात्र मी भांडणार. अठरावा भाग पुन्हा लाव. डोक-सन गाण्याच्या कार्यक्रमाला एकटी आहे हे कळताच जंग-ह्वान गाडी काढतो. दिवा लाल. थांबतो. पुढचा दिवा, पुन्हा लाल. पोचतो तेव्हा टेक आधीच तिच्यासमोर उभा, कारण त्याने 'गो' या पटावरच्या खेळाचा आपला सामना सोडून दिलाय. मग जंग-ह्वान स्वतःशी कबूल करतो की आड आले ते दिवे नव्हेत, आपलं कच खाणं आलं. वर्षानुवर्षं प्रत्येक वेळी तो एक पाऊल मागे घेतो आणि आपण ते बघत असतो. कॅमेरा त्याच्या मनात बसला म्हणून मुलगी त्याची होत नाही, कारण तिला त्यातलं काहीच कुणी सांगितलेलं नसतं. नंतर तो मित्रांसमोर सगळं बोलून टाकतो आणि ती थट्टा होती म्हणून हसतो, अंगठी टेबलावर राहते. मला तो सबंध प्रसंग कोरियन मालिकांतला सर्वांत प्रामाणिक वाटतो. कोडं लांबवलं ही तक्रार मान्य. शेवटच्या दोन-तीन भागांत टेकला आणखी जागा हवी होती, हेही मान्य.

आणि खरं सांगायचं तर त्या मालिकेचा शब्द लग्नाचा नव्हताच. पहिला भाग आठव. डोक-सनचा वाढदिवस मोठ्या बहिणीच्याच केकवर उरकतात, मेणबत्त्या कमी केल्या की झालं. ती फुटते, रडते, ओरडते. रात्री बाप गल्लीत छोटा केक घेऊन येतो आणि म्हणतो, बाबालाही बाबा व्हायची ही पहिलीच वेळ आहे. शब्द तिथे दिलाय: या गल्लीतली घरं, त्यांचे कमी पडणारे आईबाप. संध्याकाळी ताटंवाट्या या घरातून त्या घरात फिरतात ते बघताना मला रामबागेतला आमचा वाडा आठवतो. शेजारची वाटी रिकामी परत करायची नाही म्हणून आई काही नसेल तर साखर घालून पाठवायची. तो शब्द मालिकेने शेवटच्या फ्रेमपर्यंत पाळला, गल्ली ओस पडलेली दाखवूनसुद्धा.

'स्क्विड गेम'बद्दल मात्र तुझं शंभर टक्के बरोबर.

ताई, आता कामाचं. चिनी 'निर्वाणा इन फायर' मला फार आवडते. सत्तर हजारांच्या सैन्यावर आलेला खोटा डाग धुवायला एक आजारी माणूस राजधानीत येतो, आणि तो फार जगणार नाही हे मालिका लपवत नाही. पण ५४ भाग आपल्या रविवारांना झेपणार नाहीत. म्हणून 'वेन लाइफ गिव्ज यू टँजरिन्स' सुचवते. २०२५ ची, सोळाच भाग, जेजू बेटावरची. शेवट सांगणार नाही. पहिल्या भागात दहा वर्षांची ए-सुन समुद्रात बुड्या मारणाऱ्या आपल्या आईवर कविता लिहिते. शिंपल्यांवर तिचा राग, कारण ते आईला वर येऊ देत नाहीत. पैसे असते तर तिने आईचा एक दिवस विकत घेतला असता. ही मुलगी आणि ही आई, यांचं मालिका पुढे काय करते ते आपण सोळा भाग डोळ्यांत तेल घालून बघू.

नियम करायचाच तर असा कर: दुसरा भाग संपला की प्रत्येकाने या मालिकेने काय शब्द दिलाय ते दोन ओळींत यादीवर लिहायचं. सोळावा झाला की त्या ओळी काढायच्या आणि त्यावरच बोलायचं. बंडू, तुझ्या ओळी आधी येऊ देत.

येत्या रविवारी सकाळी साडेसातला इंदूर तयार आहे. शनिवारी रात्री नऊ तुमच्याकडे, बंडूकडे दुपारी एक. दुवा शुक्रवारपर्यंत पाठव म्हणजे सबटायटल्स नीट दिसताहेत ना ते नातवाकडून आधी बघून घेते.

माई